शिक्षक-वाचकांचे प्रश्न : साधने तोकडी असताना मुलांना संशोधन-लेखन कसे शिकवावे?

सहावी ते आठवीच्या मुलांना स्वतः शोध घेऊन लिहायला कसे शिकवावे, या विषयावर गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रलेखक जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा आश्रमशाळांतील शिक्षक आहेत आणि 'आमच्याकडे साधने नाहीत' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. त्यांतील काही पत्रे संक्षिप्त करून आणि नावे गाळून येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा जत तालुक्यात आहे. ग्रंथालय म्हणजे गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी. संगणक आहे, पण तो बंद पडून आहे. नेट माझ्या मोबाइलवर येते तेवढेच. यंदा सातवीला 'पाणी' या विषयावर प्रकल्प दिला, तर सगळ्या वह्या एकसारख्या आल्या. पहिल्या पानावर नळाचे चित्र, मग 'पाणी हे जीवन आहे', मग पाण्याचे उपयोग, शेवटी घोषवाक्ये. अशा शाळेत संशोधन-लेखन शिकवणे खरोखर शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, आणि आपल्या अडचणीचे मूळ पुस्तकांच्या पेटीपेक्षा दिलेल्या विषयात अधिक आहे, असे मला वाटते. 'पाणी' हा विषय आहे, त्यात प्रश्न कोठेच नाही. विषय दिला की मूल त्यावर जे जे सापडेल ते गोळा करते, आणि सापडण्याच्या जागा सर्वांच्या सारख्याच असल्याने वह्याही सारख्याच होतात. प्रश्न दिला की मुलाला उत्तर हुडकावे लागते. म्हणून पहिले दोन-तीन तास केवळ प्रश्न लहान करण्यासाठी ठेवावेत. फळ्यावर 'पाणी' लिहावे, त्याखाली 'आपल्या गावाचे पाणी', त्याखाली 'आपल्या गावातील विहिरींचे पाणी', आणि मुलांशी बोलत बोलत येथपर्यंत यावे : 'शाळेजवळच्या तीन विहिरींचे पाणी दिवाळीपासून होळीपर्यंत किती खाली जाते, आणि तिन्हींचे सारखेच जाते का?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही, ते मुलांना पायी जाऊन मिळवता येते आणि महत्त्वाचे म्हणजे उत्तर काय येईल हे शिक्षकालाही आधी ठाऊक नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला आधीच माहीत आहे, तो मुलांच्या लेखी परीक्षेचाच प्रश्न राहतो.

या कामाला लागणारे सामान म्हणजे एक लांब सुतळी, एक रिकामी डबी आणि मीटरची टेप. सुतळीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारावी, टोकाला डबीत दोन खडे घालून बांधावी आणि ती विहिरीत सोडावी. डबी पाण्याला टेकल्याचा आवाज आला की सुतळी कठड्यावरील खुणेपाशी चिमटीत धरून वर घ्यावी. ही खूण रंगाने कायमची करून ठेवावी, कारण आज कठड्याच्या वरच्या काठापासून आणि पुढच्या महिन्यात पायरीपासून मोजले, तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. ज्या विहिरीला चांगला कठडा आहे तीच निवडावी, मालकाची परवानगी घ्यावी आणि मोजताना मोठे माणूस शेजारी असावे. एवढी काळजी घेता येत नसेल, तर विहिरी सोडून दुसरा प्रश्न निवडलेला बरा.

आता खरी गंमत मोजणीनंतर सुरू होते. एका गटाचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा मीटरभराने वेगळा येतो. का? तर एक गट सकाळी गेला होता आणि दुसरा मोटार दोन तास चालल्यावर गेला होता. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, पण त्याचा संबंध आपल्या आकड्याशी आहे हे त्यांना या क्षणी कळते. मग मोजण्याची वेळ ठरवायची, ती वहीत लिहायची, मोटार बंद असतानाच मोजायचे, असे नियम मुले स्वतः करतात. संशोधनाच्या पद्धतीवर तासभर व्याख्यान देऊन जे साधत नाही, ते या एका भांडणातून साधते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. आपण केलेले काम सरकारचे भूवैज्ञानिकही जवळपास याच रीतीने करतात, हे मुलांना जरूर सांगावे. त्यांनाही तेच महिने निवडावेसे वाटले, तर उत्तम.

लेखन येथून पुढे. मुलांना सांगावे की, वहीतील प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर लिहायचे : स्वतः पाहिले किंवा मोजले असेल तर 'पा', कोणाकडून ऐकले असेल तर 'ऐ', वाचले असेल तर 'वा' आणि आपला अंदाज असेल तर 'अं'. ज्या वाक्यापुढे यांपैकी एकही अक्षर लिहिता येत नाही, ते वाक्य खोडायचे. 'पाणी हे जीवन आहे' हे वाक्य या चाळणीतून आपोआप गळते, शिक्षकाला कोणाला रागवावे लागत नाही. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात 'इतिहासाची साधने' हा पाठ मुलांनी सहावीतच वाचलेला असतो आणि भौतिक, लिखित, मौखिक हे प्रकार त्यांना तोंडपाठ असतात. ते प्रकार शिवकाळापुरते नसून आपल्या वहीलाही लागू आहेत, हे दाखवण्याची ही सोयीची जागा आहे.

सुरुवातीला मुले असे लिहितात : 'आमच्या गावात पाण्याची खूप टंचाई आहे. उन्हाळ्यात विहिरी आटतात. लोकांनी पाणी जपून वापरले पाहिजे.' प्रत्येक वाक्याला 'हे कशावरून?' एवढेच विचारत गेल्यास काही आठवड्यांनी तोच परिच्छेद साधारण असा होऊ शकतो (आकडे नमुन्यादाखल आहेत) : '५ जानेवारीला सकाळी सात वाजता, मोटार सुरू होण्याआधी, देवळामागच्या विहिरीचे पाणी खुणेपासून साडेसहा मीटर खाली होते. २ फेब्रुवारीला त्याच वेळी ते साडेसात मीटर खाली होते. विहिरीचे मालक म्हणाले की, कालव्याला आवर्तन सुटले की पाणी वर येते. या दोन तारखांच्या मध्ये आवर्तन सुटले नव्हते, त्यामुळे त्यांचे म्हणणे बरोबर आहे की नाही, हे आम्हाला अजून सांगता येत नाही.' यातील शेवटच्या वाक्याला मी सर्वांत जास्त गुण देईन. आपल्या शाळांत 'माहीत नाही' म्हणणाऱ्या मुलाला खाली बसवले जाते. इथे मात्र काय माहीत नाही आणि ते का माहीत नाही, हे नेमके लिहिणे ही त्या मुलाची कमाई आहे.

एक गोष्ट राहिली. गावातील वृद्ध विहिरीची खोली 'परस' या जुन्या मापात सांगतील. 'आमच्या वेळी सात परसांवर पाणी होते, बहात्तरच्या दुष्काळात ती कोरडी पडली,' असे सांगतील. परसाचे माप गावोगाव कमी-जास्त धरले जाते. तेव्हा सांगणाऱ्यालाच 'तुम्ही एक परस केवढा धरता?' असे विचारून ते टेपने मोजावे, आणि वहीत त्यांचा शब्दही लिहावा व आपले मीटरही लिहावेत. शब्द गाळून केवळ मीटर लिहिले, तर पुढच्या वाचकाला तो आकडा मोजलेला आहे की आठवणीतला, हे कळणार नाही.

प्रश्न : मी सोलापुरातील एका प्राथमिक शाळेत आठवीला शिकवतो. माझी अडचण उलटी आहे. बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे आणि मुले त्यावरून पानेच्या पाने उतरवून आणतात. आता तर मोबाइलला प्रश्न बोलून विचारला की तयार निबंध मिळतो. उतरवणे कसे थांबवावे?

उत्तर : आधी आपल्याकडे पाहू. पहिलीपासून आठवीपर्यंत आपण मुलांना 'फळ्यावरचे उतरवून घ्या' असे सांगत आलो. प्रश्नोत्तरे उतरवून घेतली, निबंध उतरवून घेतले, आणि ज्याने काना-मात्रा न चुकता उतरवले त्याला 'छान' असा शेरा दिला. अशा मुलाने मोबाइलवरचे उतरवले, तर तो आपण शिकवलेलेच करतो आहे. त्याला चोर म्हणण्याआधी दुसरे काही शिकवावे लागेल.

त्यासाठी एक जुनी आणि बिनखर्चाची रीत आहे : वाचा, झाका, सांगा, लिहा. मुलाने एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथे घालायचे, शेजाऱ्याला तो आपल्या शब्दांत सांगायचा आणि शेजाऱ्याला समजला तरच लिहायचा. मधली 'सांगा' ही पायरी गाळली, तर बाकीची खटपट वाया जाते, कारण न समजलेला मजकूर मूल पाठ करून लिहू शकते, पण शेजाऱ्याने 'म्हणजे काय?' विचारल्यावर अडते. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून आकडे, नावे आणि सनावळ्या तेवढ्या पडताळायच्या. एखादे वाक्य मूळचेच हवे असेल, तर ते अवतरणचिन्हांत घालून कोणाचे ते सांगायचे. ही रीत पाठ्यपुस्तकावरच शिकवावी, कारण ते प्रत्येकाच्या दप्तरात असते. विज्ञानाचा एक परिच्छेद, पंधरा मिनिटे, आठवड्यातून दोनदा, एवढे पुरते.

तयार निबंध देणाऱ्या यंत्राबद्दल बंदीचा उपयोग होईल असे मला वाटत नाही, कारण ती शाळेच्या फाटकाबाहेर टिकत नाही. त्याऐवजी वर्गात एकदा त्या यंत्रालाच आपल्या पेठेबद्दल प्रश्न विचारून पाहावा. उदाहरणार्थ, 'आमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर किती हातमाग आणि किती यंत्रमाग सुरू आहेत?' सोलापूर चादरीचे शहर आहे, चादरीला भौगोलिक मानांकनही आहे, हे त्याला सांगता येईल. पण शाळेसमोरच्या रस्त्यावरील माग मोजायला ते जाऊ शकत नाही, आणि तरीही कधी कधी ठामपणे काहीतरी उत्तर देते. ते उत्तर फळ्यावर लिहून मुलांना मोजायला पाठवावे. यंत्र चुकले म्हणून हसण्यापेक्षा, छापील किंवा सफाईदार दिसणारे वाक्यही तपासता येते, हे मुलांच्या ध्यानात यावे एवढाच हेतू आहे.

संदर्भ द्यायला आठवीपर्यंत चार गोष्टी पुरतात : कोणी सांगितले किंवा लिहिले, कोठे, केव्हा आणि कोणत्या पानावर. वर्तमानपत्र असेल तर नाव, तारीख, पान. माणूस असेल तर त्याचे गावातील काम, वय अंदाजे आणि भेटीची तारीख. संकेतस्थळ असेल तर त्याचे नाव आणि पाहिल्याची तारीख. स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांचे नियम महाविद्यालयात शिकता येतील. 'स्रोत : गूगल' हा मात्र संदर्भ नव्हे. ते म्हणजे पत्ता विचारल्यावर 'रस्त्याने या' असे सांगण्यासारखे आहे.

प्रश्न : कोकणातील वाडीवरच्या शाळेत संदर्भसाहित्य कोठून आणावे? गावात वाचनालय नाही.

उत्तर : आपल्या मोबाइलला अधूनमधून तरी नेट मिळत असेल, तर मराठी विश्वकोश हाताशी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या पुढाकाराने वाई येथे सुरू झालेल्या या वीस खंडांच्या कोशातील नोंदी आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. भाषा मुलांना जड जाते, म्हणून एका वेळी एकच नोंद, तीही शिक्षकाने आधी वाचून, निम्मी कमी करून वहीत किंवा फळ्यावर लिहून द्यावी. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिकाही संकेतस्थळावर आहे आणि तिच्यात गावनिहाय कुटुंबे, लोकसंख्या, साक्षरता, कामकरी लोक यांचे आकडे मिळतात. २०२१ साली व्हायची जनगणना लांबणीवर पडल्याने ते आकडे जुने झाले आहेत, आणि हेच मुलांना काम म्हणून देता येते : २०११ साली आपल्या वाडीत किती घरे होती आणि आज किती आहेत, त्यांपैकी किती घरांना कुलूप आहे? मुंबईला गेलेल्या कुटुंबांमुळे कोकणात या शेवटच्या प्रश्नाला वजन आहे. पुस्तिकेत आकडा संपूर्ण महसुली गावाचा असतो आणि मुले मोजतात ती एक वाडी, हा फरक मात्र लक्षात घ्यावा, नाहीतर गाव अर्धे ओस पडले असा भलताच निष्कर्ष निघेल. जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, उपयोगी असते, पण ते मुख्यत्वे इंग्रजीत असल्याने शिक्षकासाठीच.

पण सर्वांत मोलाचा दस्तऐवज आपल्याच कपाटात आहे, आणि त्याकडे संशोधनाचे साधन म्हणून क्वचितच कोणी पाहते. तो म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. जुन्या शाळांत ते पन्नास, पाऊणशे वर्षे मागे जाते. त्यात दाखल झाल्याची तारीख असते, शाळा सोडल्याची तारीख असते आणि शाळा सोडल्याचे कारण असते. हे रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये, कारण त्यात जात, जन्मतारीख अशा खाजगी नोंदी असतात आणि त्यांतली काही नावे वर्गातील मुलांच्या आई-वडिलांचीच निघतात. मुख्याध्यापकांच्या संमतीने शिक्षकाने स्वतः बसून, नावे व जाती वगळून, दर दहा वर्षांतील एकेका वर्षाचा तक्ता करावा : मुलगा की मुलगी, कितवीत दाखल, कितवीतून गेले, काय कारण. तेवढा एक कागद वर्गाला पुरतो.

त्या कागदावर मुले काय काय पाहू शकतात ते सांगतो. आधी ती मोजतील : कोणत्या वर्षी किती मुली पहिलीत आल्या आणि त्यांतील किती शेवटच्या वर्गापर्यंत टिकल्या. मग कोणीतरी कारणांच्या रकान्याकडे बोट दाखवील, कारण तेथे वर्षानुवर्षे 'पुढील शिक्षणासाठी' किंवा 'पालकांच्या विनंतीवरून' असेच लिहिलेले आढळते. तिसरीतून गेलेली मुलगी पुढील शिक्षणासाठी कोठे गेली असेल, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्या दिवशी ठरवलेला धडा बाजूला ठेवावा. लिखित साधन कोणीतरी, कोणत्या तरी गरजेपोटी लिहिलेले असते. दाखला देताना काहीतरी कारण भरावे लागते म्हणून गुरुजींनी ते भरले असेल, हा विचार सातवीच्या मुलाला झेपतो. मग तीच मुले घरी जाऊन आजीला विचारतात की, तू शाळा का सोडलीस? आजी सांगते की, धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नव्हते. आता वहीत दोन साधने झाली, एक लिखित आणि एक मौखिक, आणि दोन्हींचे म्हणणे जुळत नाही. मुलाने कोणते खरे मानावे, हे आपण सांगू नये. दोन्ही लिहून, मला कोणते अधिक पटते आणि का, एवढे त्याने चार ओळींत मांडावे. घरातील एखादी गोष्ट सांगायला कोणाला अवघड वाटत असेल, तर तिने किंवा त्याने शेजारच्या घरी विचारावे, अशी मोकळीक आधीच द्यावी.

टिपणे घेण्यासाठी वेगळी वही आणायला सांगू नये. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद, पाठकोरे कागद, कॅलेंडरची मागची बाजू सारख्या आकारात कापून कार्डे करावीत. एका कार्डावर एकच गोष्ट आणि खाली ती कोठून मिळाली ते. लिहिण्याची वेळ आली की ही कार्डे जमिनीवर मांडून त्यांची जुळवाजुळव करता येते. वहीच्या पानांवर ते होत नाही. कोणते कार्ड आधी, कोणते नंतर आणि कोणते कोठेच बसत नाही, हे मुले गुडघ्यांवर बसून ठरवतात, तेव्हा परिच्छेद म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रश्न : मेळघाटातील आश्रमशाळेत शिकवते. मुले घरी कोरकू बोलतात. मराठीत चार वाक्ये लिहिताना अडखळणाऱ्या मुलांकडून संशोधन-लेखनाची अपेक्षा करणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे, मात्र दोन कामे वेगळी करावी लागतील. माहिती मिळवणे आणि ती मराठीत लिहिणे ही एकाच वेळी करायला लावली, तर मूल भाषेतच गुंतून पडते आणि त्याचे निरीक्षण वाया जाते. पावसाळ्यात रानातून कोणकोणत्या भाज्या आणतात, त्यांचा कोणता भाग खातात, कोणत्या उकडून पाणी टाकूनच खाव्या लागतात, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मुलांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहे. सुट्टीत घरी गेल्यावर आईला किंवा आजीला त्यांनी कोरकूतच विचारावे आणि टिपणही कोरकूतच, देवनागरीत, जसे ऐकू येते तसे करावे. वनस्पतीचे कोरकू नाव कायम ठेवावे. त्याचे मराठी नाव सापडले तर शेजारी लिहावे, न सापडल्यास पान चिकटवून किंवा चित्र काढून जागा मोकळी सोडावी. अंदाजाने मराठी नाव लिहू नये, कारण खाण्याच्या वनस्पतीची ओळख चुकणे धोक्याचे असते, आणि हे कारण मुलांना लगेच पटते.

नंतर गटात बसून मराठी वाक्ये करावीत. पहिल्या वर्षी तक्ता आणि त्याखाली पाच-सहा वाक्ये झाली, तरी ते संशोधन-लेखनच आहे. शुद्धलेखनाच्या चुका शेवटच्या प्रतीत दुरुस्त कराव्यात. कच्च्या टिपणावर लाल शाई फिरवली की पुढच्या वेळी मूल तेवढेच लिहिते जेवढे त्याला बिनचूक येते.

प्रश्न : आम्हाला प्रशिक्षणात अहवालाचा साचा दिला होता : प्रस्तावना, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा, कार्यपद्धती, निष्कर्ष, शिफारशी. मुलांना तो जमत नाही. शिवाय दोन वर्ग मिळून पंचेचाळीस वह्या मी एकटा कशा तपासू?

उत्तर : तो साचा मुलांसाठी नव्हेच. तो बी.एड.च्या कृतिसंशोधनातून शाळेत उतरला आहे आणि त्याच्या 'गरज व महत्त्व' या भागात मोठी माणसेही पान भरण्यापलीकडे काही करत नाहीत. मुलांनी आम्हाला काय जाणून घ्यायचे होते, त्यासाठी आम्ही काय केले, काय आढळले आणि काय कळले नाही, एवढे सलग लिहावे, मथळे नसले तरी चालतील. एक पान, फार तर दोन. शिफारशी तर नकोतच. तीन विहिरी मोजल्यावर शासनाने काय करावे हे सांगण्याची घाई सातवीच्या मुलाला नसते, ती आपण लावतो.

तपासणीबद्दल. पंचेचाळीस स्वतंत्र प्रकल्प घेऊ नयेत. चार-पाच जणांच्या गटाचा एक प्रश्न, एक सामायिक टिपण-संच आणि प्रत्येकाचा स्वतःचा एकच परिच्छेद, अशी रचना केली की तपासायचे ओझे पुष्कळ हलके होते, आणि गटातील एकाने लिहिले व बाकीच्यांनी सही केली, हा प्रकारही टळतो. तपासताना एका वेळी एकच गोष्ट पाहावी. या आठवड्यात समासातील अक्षरे, पुढच्या आठवड्यात आकड्यांना एकक आहे का, त्यानंतर वाक्यांचा क्रम. पहिली तपासणी मुलांनीच एकमेकांची करावी, आणि तीत 'चांगले', 'वाईट' असे न लिहिता जेथे शंका वाटेल तेथे 'कशावरून?' एवढेच लिहावे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाचे, साधन म्हणून 'प्रकल्प' सांगितलेला आहे. तेव्हा हे काम नोंदवहीत वेगळे दाखवण्याचा प्रश्न येत नाही, ज्या प्रकल्पाची नोंद आपण कशीही करतोच, तो हाच करावा. आठवीच्या भूगोलात 'क्षेत्रभेट' हा पाठ आहे, त्याच्या तासिका या कामाला वापरता येतील.

ज्या गटाला पुढे जायचे असेल, त्याला राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची वाट आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातर्फे १९९३ पासून चालणाऱ्या या उपक्रमात १० ते १७ वर्षांची मुले आपल्या परिसरातील प्रश्नावरील प्रकल्प मांडतात, आणि तेथे महागड्या मॉडेलपेक्षा स्वतः केलेली नोंद अधिक मोलाची ठरते. मात्र स्पर्धेसाठी म्हणून प्रकल्प सुरू करू नये. पारितोषिक समोर आले की मोठी माणसे लेखणी हातात घेतात.

प्रश्न : मी पालक आहे. या सगळ्यात शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास मागे पडणार नाही का?

उत्तर : आठवड्याची एक तासिका जाईल, हे खरे आहे. उतारा वाचून प्रश्न सोडवणे, तक्ता किंवा आलेख वाचणे यांत त्यातील काही भरून निघेल. सगळे भरून निघेल असे आश्वासन मी देणार नाही. परीक्षा अगदी तोंडावर असेल त्या महिन्यांत हे काम बंद ठेवायला हरकत नाही. विहिरीची पातळी महिन्यातून एकदाच मोजायची असते.

प्रश्न : वर्ष संपल्यावर मुलांच्या वह्यांचे काय करावे? कपाटात जागा नाही, म्हणून दरवर्षी त्या रद्दीत जातात.

उत्तर : सगळ्या ठेवता येणार नाहीत आणि ठेवायची गरजही नाही. सुशोभित तक्ते आणि मुखपृष्ठे खुशाल रद्दीत द्यावीत. प्रत्येक गटाचा एकपानी मजकूर, त्यासोबत कच्च्या नोंदींचे पान आणि मापे कोठून घेतली त्याचा हाताने काढलेला नकाशा, एवढेच एका फायलीत लावावे. फायलीवर वर्ष, इयत्ता आणि प्रश्न लिहावा. मुलांची नावे घालायची ती त्यांना विचारून. वर सांगितलेल्या घरच्या मुलाखती असतील, तर सांगणाऱ्याचे नाव काढून टाकावे. पुढील वर्षीच्या सातवीला जून-जुलैत ही फाईल वाचायला द्यावी आणि दोनच कामे सांगावीत : यातील कोणते वाक्य तुम्हाला पटत नाही ते शोधा, आणि यातील कोणते माप आज पुन्हा घेता येईल ते ठरवा. पाऊस सुरू झाल्यावर कठड्यावरची रंगाची खूण पुसट होते, ती मात्र आधी एकदा पाहून घ्यावी.